कोंबडीचं न्हाणं

पहाटे ५:५०

शनिवारी प्रदर्शन, म्हणून आंघोळ आज, गुरुवारी. शुक्रवारी घालून चालत नाही. कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक लहानशी गाठ असते. चोचीने त्यातलं तेल घ्यायचं आणि एकेका पिसाला लावत बसायचं, हा तिचा रोजचा उद्योग. साबणाने ते तेल निघून जातं आणि कोंबडी पिंजलेल्या कापसासारखी भुसभुशीत दिसू लागते. अंगावर पुन्हा तकाकी यायची तर तिला निदान दीड दिवस निवांत मिळायला हवा. तो दीड दिवस मी तिला देऊ शकते. तकाकी तिची तिलाच आणावी लागते.

मी रजा टाकली आहे. अर्जावर कारण लिहिलं ‘घरगुती’. कोंबडी धुवायची आहे असं सांगितलं असतं तरी प्रयोगशाळेत कुणी हसलं नसतं, हा कॉर्नवॉल आहे. पण माझ्यातल्या वेंगुर्ल्याला ते सांगवेना.

बाहेर बुरबुर पाऊस. इंग्लंडच्या या नैर्ऋत्य टोकाला तिन्ही बाजूंनी समुद्र. पावसाला पडायला निमित्त लागत नाही. परसात शेडचा दिवा लावून चहाचा कप घेऊन बसले. आतून एक बारीक, प्रश्नार्थक ‘कूऽक?’ आलं. ती मोगरी.

सकाळी ६:३०

शेडच्या दाराशी जंतुनाशकाचं घमेलं, त्यात बूट बुडवून आत जायचं. बर्ड फ्लूने आम्हाला लावलेली ही सवय. रोग पसरला की कोंबड्यांना आत कोंडून ठेवायचे आदेश निघतात, प्रदर्शनं बंद होतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर इंग्लंडमध्ये परसात एक कोंबडी पाळायची असली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. एक कोंबडी! गावी आमच्या घरी डालग्याखाली नेमक्या किती आहेत हे आजीलासुद्धा सांगता आलं नसतं. संध्याकाळी जितक्या परत येतील तितक्या आपल्या.

आणखी एक कायदा आहे, तो मला अजून पचलेला नाही. स्वयंपाकघरातून गेलेलं उष्टं-शिळं कोंबड्यांना घालायला इथे बंदी. काल रात्रीची उरलेली अर्धी भाकरी हातात घेऊन मी पहिल्या वर्षी परसाच्या दारात कितीतरी वेळ उभी राहिले होते. जनावरांचे रोग अशा अन्नातून पसरतात हे मला कळतं, मी काम करते तेही रोगांच्याच नमुन्यांवर. तरी भाकरी कचऱ्याच्या डब्यात टाकताना हात जड होतो तो होतोच.

प्रदर्शनाला जाणार आहेत दोघी. मोगरी ही ससेक्स जातीची तलंग, फेब्रुवारीत अंड्यातून निघालेली. अंग पांढरं, शेपटी काळी, मानेभोवती काळ्या रेघांच्या पिसांची झालर. प्रत्येक काळ्या रेघेला पांढरी किनार अखंड हवी. दुसरी सरदारीण. तिच्या जातीचं नाव इंडियन गेम, आणि जन्मगाव हेच, कॉर्नवॉल.

बॉडमिन गावाच्या टेकडीवर १४४ फुटांचा एक दगडी स्तंभ आहे, आमच्या माळ्यावरच्या खिडकीतून धुकं नसेल तेव्हा दिसतो. तो जनरल सर वॉल्टर रॅले गिल्बर्ट यांचा. बंगालच्या फौजेत हयात घालवली, दुसऱ्या शीख युद्धात लढले. इथे सांगतात की या गिल्बर्टसाहेबांनी हिंदुस्थानातल्या असील कोंबड्यांचा इथल्या झुंजीच्या कोंबड्यांशी संकर केला आणि त्यातून ही जात निघाली. झुंजीला ती निकामी ठरली. इतकं जड अंग घेऊन कोण उडी मारणार? पण छाती अशी भरली की पुढे अमेरिकेत हिच्या पांढऱ्या वाणाचा प्लायमाउथ रॉकशी संकर झाला आणि आजचा ब्रॉयलर उभा राहिला. म्हणजे पुण्या-मुंबईच्या चिकनच्या दुकानात टांगलेल्या कोंबडीतही थोडी सरदारीण आहे. असीलचं रक्त इंग्लंड-अमेरिका फिरून घरी परतलं, ते असं.

असील आणि आपला ‘अस्सल’ हे एकाच अरबी मुळाचे शब्द. हे मी शेजारच्या आजोबांना एकदा सांगितलं होतं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

दोघींचा खुराक वेगळा, आणि या उन्हाळ्यात माझा सगळ्यात जास्त जीव त्यापायी गेला. सरदारणीचे पाय हळकुंडासारखे पिवळेधमक हवेत, म्हणून तिला मका. तोच मका मोगरीच्या पोटात गेला तर तिच्या पांढऱ्या पिसांवर पितळेची झाक चढते; ऊन लागलं तरी तेच. म्हणून मोगरीला गहू, वर थोडा जवस, आणि दिवसभर सावली. दोघींच्या मध्ये जाळी आहे. सरदारीण मका चिवडून उधळते, मोगरी जाळीतून मान घालून तो वेचते. आई असती तर म्हणाली असती, दुसऱ्याच्या ताटातलं गोड लागतं.

सकाळी ८:००

लेकीची अंडी. तिने मुलांच्या गटात नाव दिलंय: एका ताटलीत तीन अंडी, आकार, रंग, घाट तिन्हींचा एकसारखा. आठवडाभरात साठवलेल्या अठरा अंड्यांतून तीन निवडायला तिला पंचवीस मिनिटं लागली, आणि शाळेची बस चुकली. अंडी धुवायची नाहीत. कवचावर एक पातळ नैसर्गिक मुलामा असतो, तो पाण्याने जातो आणि परीक्षकाला लगेच कळतं. कोरड्या फडक्याने अलगद पुसायची, बस्स. गाडीत ती म्हणाली, “म्हणजे कोंबडी धुतलेली चालते आणि अंडं नाही?”

मी म्हटलं, गप्प बस.

सकाळी ९:३०

आता खरी तपासणी. मोगरीला मांडीवर घेतलं, उजेडाकडे पाठ करून बसले. आधी शेपटीखाली फुंकर मारून पिसं बाजूला केली. तिथे उवा असल्या तर पिसांच्या मुळांशी पांढरट गुठळ्या दिसतात. परीक्षकही आधी तिथेच पाहतो. काही नाही. तुरा लाल, ताठ. महिन्याभरात अंड्याला येईल, आणि तलंगीचं रूप असतं ते याच दिवसांत. डोळे स्वच्छ. पंख उघडून मोठी पिसं मोजली. मोडलेलं एकही नाही. असतं तर आज काही करता आलंच नसतं. मोडकं पीस उपटून नवं पूर्ण यायला सहा-आठ आठवडे लागतात. या कामाची गंमत हीच की आज दिवसभर राबून मी जे करणार आहे ते फार तर दोन आणे. चौदा आणे उन्हाळ्यातच होऊन गेले, किंवा राहून गेले.

आणि मग पाठीवर, दोन पंखांच्या बरोबर मध्ये, ते दिसलं. एका पांढऱ्या पिसाच्या टोकाला मिरीएवढा काळा डाग.

ससेक्सची पाठ निखळ पांढरी हवी. हे पीस काल नव्हतं असं मी शपथेवर सांगितलं असतं. पण होतं नक्की, वरच्या पिसाखाली दबून. चिमटीत धरलं. एक हिसका, की संपलं. मोगरीला मुंगी चावल्याइतकंही लागलं नसतं.

मला माझी धाकटी आत्या आठवली. तिला बघायला मंडळी यायची तेव्हा आजी तिचा चष्मा काढून फडताळात ठेवायची. आत्या पोह्यांची बशी अंदाजाने पुढे करायची. तिसऱ्या स्थळाच्या वेळी बशी मुलाऐवजी मुलाच्या काकांच्या हातात गेली, आणि लग्न तिथेच जमलं. चष्मा मुलाला दोन महिन्यांनी कळला. घरात हा किस्सा हसत सांगतात. आत्या तो कधी सांगत नाही.

चिमूट सोडली आणि कुंपणापाशी जाऊन आजोबांना हाक मारली.

आजोबांचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांना मी आजोबा म्हणते हे त्यांना ठाऊक आहे, अर्थही ठाऊक आहे. आयुष्यभर कोंबड्या दाखवल्या. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून फक्त मला सल्ले देतात. त्यांनी मोगरीला हातात घेतलं, पीस पाहिलं, आणि काही न बोलता परत दिलं.

“उपटू?”

“तुझी कोंबडी आहे.”

“नियमात बसत नाही ना?”

“नाही.”

मग मी हुज्जत घातली. दुपारी तिला नीळ घालणार आहे, ती कशी चालते? नीळ म्हणजे रंगच की. पायांना तेल, तुऱ्याला व्हॅसलीन, नखं कापायची, चोच घासायची, हे सगळं चालतं आणि एक पीस चालत नाही?

त्यांचं उत्तर मी जसंच्या तसं मराठीत आणू शकणार नाही, पण मुद्दा असा होता: नीळ पुढच्या पावसात धुऊन जाते. परीक्षक तिला बघतो तेव्हा तिची पिल्लं कशी निघतील ते बघत असतो. पीस उपटलंस तर त्याच्यापासून पिल्लं लपवलीस. उद्या कुणी तिची अंडी मागून नेईल, उबवेल, आणि त्याच्या दारात ठिपक्यांच्या कोंबड्या निघतील. तो तुला शिव्या देणार नाही. मला देईल; तुला अंडी मी दिली होती.

हे शेवटचं मला माहीत नव्हतं असं नाही, पण विसरले होते.

कोंबड्या दाखवण्याचा हा शौक इथे लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या १८४५च्या प्रदर्शनापासून फोफावला. झुंजींवरची बंदी १८४९च्या कायद्याने पक्की झाली, आणि ज्यांना कोंबड्यांवरून इरेला पडल्याशिवाय चैन पडत नव्हतं त्यांना ही दुसरी जागा मिळाली. १८६५मध्ये कोणत्या जातीची कोंबडी कशी दिसावी याची मानकं पहिल्यांदा पुस्तकात छापली गेली. तुरा, पाय, रंग, वजन, सगळं. ससेक्सची कोंबडी ३.२ किलोच्या खाली नको, इंडियन गेमची २.७. मला सुरुवातीला हे वाचताना वधूवर सूचक मंडळाचा फॉर्म आठवे आणि हसू येई. ते हसू पुरतं गेलंय असं नाही. पण मंडळाच्या फॉर्ममध्ये खोटं लिहिलं तर फसतात दोन घरं. इथे एका पिसाचं खोटं पिढ्यान्‌पिढ्या अंड्यांतून निघत राहतं.

पीस ठेवलं. थोडं रडू आल्यासारखं झालं, ते कोंबडीवरून की आत्यावरून, देव जाणे.

सकाळी ११:१५

पाय. टूथब्रश, कोमट पाणी, साबण. कोंबडीच्या पायावर खवले असतात आणि त्यांच्या फटींत परसाचा सगळा इतिहास साठलेला असतो. ब्रशने वरचा मळ जातो, फटीतला लाकडी दातकोरण्याने, खवल्याच्या कलाने, हलकेच. सरदारीण या वेळी माझ्याकडे ज्या नजरेने बघते तिला मराठीत ‘डोळे वटारणं’ म्हणतात; तिच्या भुवईचं हाड पुढे आलेलं असल्याने ती झोपेतही तशीच दिसते. तिचे पाय पिवळेजर्द राहिलेत, यात माझ्या मक्याइतकाच तिच्या आळसाचा वाटा. पिवळ्या पायांची कोंबडी भरपूर अंडी देऊ लागली की पायांतला पिवळेपणा ओसरतो. सरदारणीने यंदा इतकी कमी अंडी दिलीत की तो ओसरायचं कारणच नाही. ज्या गुणासाठी आमच्या घरी तिची रवानगी कधीच वड्यांबरोबर झाली असती, त्यावर ती इथे बक्षीस घेईल.

दुपारी १२:३०

वरण-भात. तिकडे संध्याकाळचे पाच, म्हणजे काकीचा फोन. आज काय चाललंय विचारलं, आणि मी खरं सांगून बसले.

“कोंबयेक आंघोळ घालतंस?” पलीकडे शांतता. “मगे कापतलंस कधी?”

मी म्हटलं, कापत नाहीत गं, दाखवतात.

“कोणाक?”

याचं उत्तर मला नीट देता आलं नाही. आमच्या गावी कोंबड्याकडे माणूस निरखून बघतो ते राखणेच्या, म्हणजे देवाला कोंबडा द्यायच्या वेळी, तेव्हाही बघणारा देव. मी म्हटलं, आहेत इथे काही माणसं. काकी म्हणाली, तुझे दिवस बरे चाललेत म्हणायचे.

दुपारी २:००

तीन टब, शेडमध्ये ओळीने मांडलेले. पहिल्यात गरम पाणी, कोपर बुडवून पाहिलेलं. बाळाला न्हाऊ घालताना बघतात तसं. त्यात बाळांचा शाम्पू. दुसऱ्यात साधं कोमट पाणी आणि कपभर व्हिनेगर, साबणाचा अंश काढायला. तिसऱ्यात नीळ.

मोगरीचे दोन्ही पंख अंगाशी दाबून धरून तिला पाण्यात उतरवलं. दोन क्षण पाय झाडले, मग थांबली. पिसं सहज भिजत नाहीत. पाणी मोत्यांसारखं वरून घरंगळत राहतं. हाताने ओंजळी घालत राहायचं, पिसं किंचित उचलून मुळाशी पाणी पोचवायचं. मग एकदम ती जड होते. फुगीर, ऐटदार तलंग बघता बघता एवढीशी होऊन हातात उरते, आणि तिचं हृदय किती भरभर चालतं ते तळहाताला कळतं.

शाम्पू पिसांच्या कलानेच चोळायचा. उलट चोळलं तर पिसांचे बारीक हुक सुटतात, पीस फाटल्यासारखं दिसतं. मान सगळ्यात हळू. डोकं पाण्याच्या वरच. शेपटी तळहातावर पसरून मऊ ब्रशने, एकेक पीस. एवढ्यात तिचे डोळे मिटू लागले. गरम पाण्यात कोंबडीला झोप येते हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरले होते, मेली की काय म्हणून. आता मान हलकेच टेकवून घेते. आजी तान्ह्या पोरांना पायांवर घेऊन न्हाऊ घालायची तेव्हा ती पोरंही अशीच पेंगायची. पोरं न्हाणीत रडत आणि धुरीला झोपत, एवढाच फरक.

दुसरा टब. पाणी तीनदा बदललं. साबण राहिला तर वाळल्यावर पिसं चिकटतात.

आता निळीची गोष्ट. बाटली गावाहून आणलेली. आजोबांनी प्रमाण सांगितलं होतं: पाणी आभाळाइतकं निळं दिसेपर्यंत. मी थेंब टाकले, ढवळलं. आभाळाचा रंग आला असं वाटलं. मोगरीला बुडवलं, काढलं.

दुपारी ३:४०

मोगरी निळी.

पार निळी नाही. पण मानेखालून पोटापर्यंत अशी झाक की जणू दिवाळीला भिंतीला चुन्यात जास्त नीळ पडावी. लेक शाळेतून आली, दारात थबकली आणि म्हणाली, “आई, तू तिला काय केलंस?”

आजोबा काठी टेकत आले. टबात पाहिलं. मग शेडच्या दारातून वर बोट दाखवलं. वर कॉर्नवॉलचं आभाळ होतं, फिकट, राखाडी, निळं म्हणावं की नाही अशा बेताचं. मी धरलेलं प्रमाण वेंगुर्ल्याचं होतं, नवरात्रातलं, पाऊस नुकता उघडल्यावरचं.

ते हसले नाहीत हे त्यांचे उपकार. लेक मात्र हसून हसून जमिनीवर बसली.

पुन्हा पहिला टब, पुन्हा शाम्पू, पुन्हा व्हिनेगर. मोगरीने या खेपेला डोळे मिटले नाहीत. दुसऱ्या वेळच्या साबणाने उरलंसुरलं तेलही गेलं असणार, म्हणजे शनिवारी सकाळपर्यंतचा वेळ तिला अपुरा पडू शकतो. निळीच्या पाण्यात या वेळी आजोबांनी थेंब मोजले. तीन.

संध्याकाळी ५:१५

मोठ्या टॉवेलात गुंडाळलं, बाळंत्यात बांधतात तसं, फक्त तोंड बाहेर. पाणी टिपायचं, चोळायचं नाही. मग हेअर ड्रायर, मंद, हातभर अंतरावरून. तासभर लागला. ओलं पीस आधी काडीसारखं, मग अचानक फुलतं; पंखाखालची लव तर अशी की बोट टेकलेलं कळत नाही. लेकीने ड्रायर धरला, मी पिसं उचलत गेले.

सरदारणीला आंघोळ नाही. तिची पिसं आखूड, कडक, अंगाला घट्ट बसलेली. ती भिजवली तर घोटीवपणा जातो. रेशमाच्या जुन्या तुकड्याने मानेपासून शेपटीकडे पुसायचं, एवढंच. तुकडा माझ्या फाटलेल्या पैठणीच्या पदराचा आहे, घरात कुणाला सांगितलेलं नाही. दिव्याखाली तिचं प्रत्येक पीस उजळलं: तांबूस बदामी, त्यावर हिरवट काळ्या रंगाची बाहेरून एक महिरप आणि आत दुसरी. दोन्ही महिरपी अखंड हव्यात. सरदारणीच्या आहेत, शेपटीजवळची चार-पाच सोडून. तीही मी तशीच ठेवली. तिचं तेवढ्यात उरकलं, स्वयंपाक राहिला होता.

रात्री ९:१०

दोघींच्या पिंजऱ्यांत पांढरा लाकडी भुसा, ताजा. पाण्याची वाटी उंच टांगलेली, म्हणजे गळ्याची झालर भिजणार नाही. दोन आठवडे दोघी या पिंजऱ्यांत राहून रुळल्यात. काठी जवळ आली तरी बिचकत नाहीत, परीक्षकाची काठी अशीच येणार म्हणून. नवऱ्याने पांढरा कोट घालून सरावही केला. काठीच्या टोकाशी दाणा असतो हे सरदारणीला दुसऱ्याच दिवशी कळलं. मोगरी अजून विचार करते आहे.

दिवा घालवायला आले तेव्हा मोगरी जागीच होती. मान मागे वळवून शेपटीच्या मुळाशी चोच नेत होती, तिथून पंखाला, पंखातून एकेक पीस चोचीतून ओढून सोडत होती. सावकाश, क्रमाने, एकही न चुकवता. पाठीवर पोचली. सबंध पाठ आता दुधासारखी, आणि मध्यावर तो काळा ठिपका, सकाळपेक्षा कितीतरी ठळक. तिने ते पीसही चोचीत धरलं, टोकापर्यंत नीट सारखं केलं, आणि पुढच्याला घेतलं.